तारेच्या दुसऱ्या टोकाला

दिवाळी जवळ आली की आपण माळे झाडतो, डबे घासतो, पंख्यांची पाती पुसतो. पण घरातली बटणे कोणी मोजतो का? मी गेल्या वर्षी मोजली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर एवढ्या आमच्या दादरच्या संसारात ती सत्तेचाळीस निघाली. त्यांत तारेने भिंतीला बांधलेली यंत्रे वेगळी, आणि खिशात किंवा मनगटावर बसून रोज रात्री भिंतीकडे दूध प्यायला जाणारी वेगळी. गिरगावच्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो, तिथे एकच बटण होते. काळे, गोल, भिंतीतून अर्धवट बाहेर आलेले. ते खाली ओढले की चाळीस वॉटचा दिवा लागे आणि त्याच्या पिवळ्या उजेडात सातजण जेवत, चारजण अभ्यास करीत आणि आजी गहू निवडी. वाटण पाट्यावर होई, पाणी रांजणात गार होई, दूध-दही शिंक्यावर चढे, आणि वारा हवा असला तर हातात विंझणा येई. वीज गेली तर दिवा जाई. बाकीचे घर चालू राही.

आता वीज गेली की घरच जाते. याची प्रचीती मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० रोजी आली. सोमवार, सकाळी दहाचा सुमार. साथीचे दिवस असल्यामुळे अर्धी मुंबई घरात बसून कचेरी करीत होती. एकाएकी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सारेच बंद पडले. लोकल गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. कुठे दोन-तीन तासांनी वीज परतली, तर कुठे संध्याकाळ झाली. आमच्याकडे मुलाची बैठक मध्येच तुटली, नातवाची शाळा मोबाइलच्या पडद्यावरून नाहीशी झाली, सातव्या मजल्यावर पाणी चढवणारा पंप थांबला, आणि मिक्सरमध्ये ओल्या नारळाची चटणी अर्धी वाटलेली राहिली. पाट्याची आठवण झाली. पण पाटा केव्हाच गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीखाली गेलेला.

पहिला तास गमतीत गेला. सर्वांच्या मोबाइलमध्ये बॅटरी होती, इन्व्हर्टरवर दोन पंखे फिरत होते. दुसऱ्या तासाला प्रत्येकजण आपापल्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहू लागला. बेचाळीस टक्के, सदतीस टक्के. दुष्काळात विहिरीत डोकावून पाहावे तसे. त्या वेळी हिने एक प्रश्न विचारला आणि पुढच्या साऱ्या भटकंतीचे मूळ तो प्रश्न आहे. ही म्हणाली, "अहो, पाणी जाते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. मग विजेचे पिंप का नाही कोणी भरून ठेवत?"

मी म्हणालो, "आहे की आपला इन्व्हर्टर."

"तो लोटा झाला," ही म्हणाली. "मी पिंप विचारते आहे."

प्रश्न बायकी वाटला तरी मोठमोठ्या इंजिनियरांना तो शंभर वर्षे सतावतो आहे. तारेत वीज शिल्लक राहत नाही. आपण बटण दाबले की त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. कमी पडली तर सारे जाळे डळमळते आणि जास्त झाली तरी डळमळते. टॉर्चच्या सेलमध्ये आणि मोबाइलच्या पोटात वीज साठते असे आपण म्हणतो, तेव्हा खरोखर तिथे रसायने साठलेली असतात. हवी तेव्हा ती विजेचे रूप घेतात. असल्या डब्यांत घर चालते, गाव चालत नाही. मग गाव कशावर चालते? तार कुठून येते? साथ ओसरल्यावर एका हिवाळ्यात आम्ही उभयता तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहायला निघालो.

खोपोली : मुंबईच्या दिव्यांवर वाहणारी नदी

मुंबईच्या विजेचे माहेर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कर्जतपर्यंत गाडी, आणि तिथून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही नावे ऐकत ऐकत खोपोली. विजेच्या गाडीत बसून विजेच्या घरी जायचे, म्हणजे तिच्याच खांद्यावर बसून तिच्या माहेरी जाण्यासारखे आहे, असे ही म्हणाली, ते खोटे नव्हे. मुंबईतली पहिली विजेची आगगाडी, आणि हिंदुस्थानातलीही पहिलीच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली.

खोपोलीस बहुतेक लोक वरदविनायकाच्या दर्शनाला जाता-येता उतरतात, नाहीतर नाना फडणिसांनी बांधलेले तळे पाहतात. स्टेशनातून बाहेर पडून मान वर केली की घाटाच्या कड्यावरून खाली उतरणारे भले थोरले नळ दिसतात. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी या नळांतून खाली झेपावते आणि पायथ्याच्या वीजघरातली चक्रे फिरवते. हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्या वेळी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत, आणि परळ-लालबागच्या आकाशाला धुराचे झाकण असे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यावर गिरण्या चालवाव्यात ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. पण ते १९०४ साली गेले, आणि काम पुरे झाले ते त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या काळात. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्यास वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला, आणि चार वर्षांनी मुंबईची चाके सह्याद्रीच्या पाण्यावर फिरू लागली.

वीजघराच्या आत जायला परवानगी लागते. ती आमच्यापाशी नव्हती. म्हणून फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत बसलो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्य खोपोलीच्या कारखान्यांत घालवलेले. मी नळांकडे बोट दाखवून म्हणालो, "हे सगळे पाणी आमच्या मुंबईसाठी, नाही का?"

ते हसून म्हणाले, "वीज तुमची, पाणी आमचं. ही पाताळगंगा पाहिलीत ना? कोकणातली नदी उन्हाळ्यात कोरडी पडायची. ही बारा महिने वाहते, ती तुमच्या दिव्यांमुळं. मुंबईत बटणं दाबली की आमच्या नदीला पाणी येतं."

मुंबईत बसून आपण वीज 'जाळतो' असे म्हणतो. इथे त्याच विजेच्या मागून पाणी सुटते, आणि त्या पाण्यावर खालची गावे, वसाहती, कारखाने जगतात. आमच्या बटणाचा दुसरा धागा कोणाच्या तरी नळाला बांधलेला आहे, हे मला साठी उलटल्यावर प्रथमच कळले.

संध्याकाळी एसटीने घाट चढून लोणावळ्यास मुक्काम केला. लोणावळा म्हणजे चिक्की आणि धुके एवढेच आपल्याला ठाऊक. पण वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पठारावर वळवण, शिरवता, लोणावळा अशी तळी आहेत, आणि तीच खोपोलीच्या चक्रांची कोठारे. वळवणच्या बांधाशेजारच्या बागेत शाळेच्या सहलीतली मुले धावत होती. पावसाळ्यातल्या चार महिन्यांची कमाई वर्षभर पुरवून खायची, हा कोकणी गृहिणीचा हिशेब. तोच इथे धरणाने मांडलेला. ही बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "पिंप सापडले की हो."

मी म्हटले, "पण पावसाने भरलेले. रिकामे झाले की पुढचा आषाढ."

"तेही खरेच," ही म्हणाली. "आपल्याला हवे तेव्हा भरता आले पाहिजे."

पाण्याखालची मुळशी

दुसऱ्या दिवशी पुण्याहून माझा भाचा गाडी घेऊन आला. हा विजेच्या कामातला इंजिनियर. मामा-मामींना 'लाइट' दाखवायला नेतो आहे म्हणून खुशीत होता. पौड मागे टाकले आणि मुळशीचा तलाव दिसू लागला. हिवाळ्यातले निळे, निश्चल पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, काठाला उपाहारगृहांच्या पाट्या. मोटारी उभ्या करून जोडपी छायाचित्रे काढीत होती.

या पाण्याखाली मावळातली भातखाचरे आहेत. खोपोलीनंतर १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. मुंबईची भूक तरी भागेना. तेव्हा मुळा नदी इथे अडवून पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचे ठरले. पन्नासएक गावांच्या जमिनींवर त्यामुळे पाणी येणार होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढारी. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. आपल्याकडे ते नाव पाठ असते, पण ते कशावरून पडले हे विचारले तर दहांतले आठजण गप्प बसतील. लढा तीन वर्षे चालला आणि १९२४ साली बापटांना दीर्घ शिक्षा झाल्यावर संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला, तेव्हा इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले.

लढा का हरला, याची कारणे साधी नाहीत. कसणारा मावळा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, असे पुष्कळ ठिकाणी होते. सावकाराकडे गहाण गेलेल्या जमिनीची भरपाई सावकाराने घेतली की कुळाच्या हाती उरायचे काय? ज्याला जमिनीचा पैसा मिळाला त्याला पाण्याचे दुःख नव्हते, आणि ज्याला दुःख होते त्याचे नाव कागदावर नव्हते. हे सावकार फार लांबचे नव्हते, पुण्याचेच. आपल्यासारख्याच पांढरपेशा घरांतले.

तलावाच्या काठाने पुढे जाऊन एका वाडीशी जेवायला थांबलो. पिठले, तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. घरधनी ऐंशीच्या पुढचे. आम्ही कशासाठी हिंडतो आहोत हे ऐकून त्यांनी पाण्याकडे हात केला. "त्या तिकडं आमचं खाचर व्हतं. मी बघितलं न्हाई. माज्या आज्यानं बघितलेलं."

मी विचारले, "मग वाडीत वीज केव्हा आली?"

"लई उशिरा. मी मोठा झालो, लगीन झालं, तवर रॉकेलची चिमणीच. तार आमच्या डोक्यावरनं ममईला गेली साहेब, खाली उतरली न्हाई."

घरात शांतता झाली. मी जरा चाचरत विचारले, "राग नाही येत?"

"राग कुनावर काढायचा? माजा भाऊ ममईला डबं पोचवायचा. रोज दादर-चर्चगेट लोकलनं. ती गाडी ह्याच विजंवर पळायची. आमचं शेत बुडालं, अन् त्याच पान्यावर भावाची चूल पेटली. आता कसं म्हनायचं?"

मला उत्तर सुचले नाही. ताटात भाकरीचा तुकडा राहिला होता तो खाल्ला. आमच्या कचेरीत तीस वर्षे दुपारी एकच्या ठोक्याला डबा येई. आणणारे मावळ-मुळशी-खेडकडचे असत, हे ठाऊक होते. ते आपले गाव सोडून का आले असतील, हा विचार मात्र डबा उघडताना कधी मनाला शिवला नव्हता. निघताना हिने घरातल्या सूनबाईला विचारले, "आता वीज असते ना नीट?" ती म्हणाली, "आसती हो ताई. पावसाळ्यात जाती-येती. म्हनून ह्यो चार्जिंगचा दिवा ठेवलाय." चुलीवरच्या फळीवर चिमणी अजून होती, पुसून लख्ख केलेली. तिच्या शेजारीच तो बॅटरीचा दिवा.

उलटे चढणारे पाणी

ताम्हिणीचा घाट उतरून विळ्यापाशी वळलो आणि पाटणूसवरून भिऱ्याला आलो. वाटेत देवकुंडच्या धबधब्याकडे जाणारी तरुण मंडळी भेटली. मुळशीचे पाणी डोंगराच्या पोटातून इथे येते आणि ५०० मीटरांच्या आसपास उतरून चक्रे फिरवते. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायला निघालेली नदी माणसाने पाठीत हात घालून पश्चिमेकडे वळवली. त्यामुळे खालची कुंडलिका भरभरून वाहते. कोलाडला लोक रबरी होड्यांतून लाटांवर उसळ्या मारायला जातात, त्या लाटाही वीजघरातून सुटलेल्या पाण्याच्या. वरच्या अंगाला भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की "आमचे पाणी आम्हाला परत द्या" अशी मागणी होते. एकाच नदीवर एकाचा दिवा, दुसऱ्याचा नळ आणि तिसऱ्याचे पीक, असे हे तिहेरी लग्न आहे.

भाच्याने वीजघराच्या अंगाला गाडी उभी केली आणि म्हणाला, "मामी, तुमचे पिंप इथे आहे."

ही कान टवकारून बसली. भिऱ्याचे एकूण सामर्थ्य ३०० मेगावॅट. त्यांपैकी १५० मेगावॅटचे एक यंत्र उलटेसुलटे चालणारे आहे. संध्याकाळी शहराला विजेची ओढ लागली की वरचे पाणी खाली येते आणि वीज तयार होते. ओढ कमी असते, वीज शिल्लक पडते, तेव्हा तेच यंत्र पंप होते आणि खालचे पाणी पुन्हा वरच्या तलावात चढवते. भंडारदऱ्याच्या अंगाला घाटघरला २५० मेगावॅटचे असेच एक वीजघर आहे.

"म्हणजे डोंगर हीच बॅटरी!" मी म्हणालो.

"बॅटरीच. पण चार मापे वीज घालून पाणी चढवाल, तेव्हा साधारण तीन मापे परत हाती येतात."

"म्हणजे व्याज द्यावे लागते," ही म्हणाली. "सावकारी इथेही आहेच म्हणायची."

भाचा पुढे सांगत होता. साऱ्या देशाचे जाळे आता एक आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर अशी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उत्तरेला मिळाले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रे सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या एकाच तालावर चालतात. ताल चुकला तर काय होते, ते जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताने पाहिले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज गेली होती. असे कधी झाले तर मुंबईने आपल्या गाठीच्या वीजघरांवर तग धरावा म्हणून १९८१ पासून शहराला जाळ्यातून चटकन सुटे होण्याची सोय आहे. २०२० सालच्या त्या सकाळी मात्र ती तोकडी पडली. सह्याद्रीतली तिन्ही वीजघरे मिळून ४४७ मेगावॅट, आणि आताच्या उन्हाळ्यात एकट्या मुंबईची मागणी ४,००० च्या वर जाते. थोडक्यात, ज्या पाण्यासाठी पन्नास गावे उठली त्याने आज आपल्या पंख्यांपैकी दहांतला एकच फिरतो.

"मग त्याचा उपयोग काय?" मी जरा वैतागून विचारले.

"मामा, कोळशाची भट्टी तापायला तास लागतात, पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरते. संध्याकाळी सात वाजता सगळी मुंबई एकदम दिवे लावते, तेव्हा धावून येणारा भाऊबंद हाच. सगळे जाळे काळोखात गेले, तर ते पुन्हा उभे करताना पाण्याच्या वीजघरांचाच मोठा आधार असतो."

सूर्याची वीज दुपारी भरपूर आणि संध्याकाळी शून्य. ती साठवायला अशा डोंगरी बॅटऱ्या आणखी लागणार आहेत. शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या योजनांचा करार २०२३ साली राज्य सरकारबरोबर झाला. धूर नाही, राख नाही. योजना चांगलीच म्हणायची. पण मुळशीच्या काठी जेवून आलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: या वेळी कागदावर नाव कोणाचे आहे, आणि कसतो कोण?

बेटावरचा दिवा

सह्याद्रीतून परतल्यावर एक ठिकाण उरले होते, तेही अगदी दाराशी. गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरी. लेण्यांतली त्रिमूर्ती आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्याभोवती राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत, तिकडे मात्र आपली पावले वळत नाहीत. या गावांना तारेची वीज मिळाली ती २०१८ सालच्या फेब्रुवारीत. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरांची केबल टाकली, तेव्हा. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचा दिवा लागला १८८२ साली. मधले अंतर समुद्राने दहा किलोमीटर, आणि काळाने एकशे छत्तीस वर्षे.

पायऱ्यांच्या वाटेवर काकडी आणि पन्हे विकणाऱ्या एका बाईंपाशी आम्ही बसलो. समोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या वीजघराची धुराडी स्पष्ट दिसत होती. १९५६ साली ते वीजघर सुरू झाले. म्हणजे साठाहून अधिक वर्षे वीज बनताना पाहायची आणि तिची वाट पाहायची, असा या गावांचा प्रपंच.

"पूर्वी काय करत होता?" हिने विचारले.

"जनरेटर व्हता ना. सांजच्याला लावायचे, तीनेक तास. तेवढ्यात सगळा उरकायचा. पोरांचा अभ्यास, जेवण, मोबाइल चार्ज करायचा. मंग बंद." बाईंनी समुद्राकडे पाहिले. "बंद झाला की ममई दिसायची. लय चकाकायची. पोरगी लहान व्हती तवा विचारायची, आये, तिकडं रोज दिवाली असतं काय?"

"आणि आता?"

"आता फ्रीज हाय. ताईंना थंड पन्हा दिला ना, तो त्याच्यातला." त्या हसल्या. "मासली ठेवता येतं. रात्री पोर आजारी पडला तर उजेडात बघता तरी येतं, काय झालाय ते. पयल्या रात्री तर कोणी बत्ती बंदच करंना. झोपलो तसेच, उजेडात."

दुकानाच्या खांबाला खिळ्यावर एक जुनी टॉर्च अडकवलेली होती. मी तिच्याकडे पाहतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "ती हाय तशीच ठेवली. बारका पोरगा सेल उन्हात ठेवून तापवायचा, आणखी दोन दिवस चालावेत म्हणून. आता चार्जिंगची आणली, तरी ती काढवत नाय."

माझ्या डोळ्यांसमोर ट्रान्झिस्टरचे सेल गच्चीच्या कठड्यावर उन्हात मांडणारे आमचे वडील उभे राहिले. क्रिकेटची कॉमेंटरी संपेपर्यंत तरी ते टिकावेत म्हणून. तेव्हा वीज इतकी थोडी होती की तिचा प्रत्येक थेंब आपल्याला ठाऊक असे. आता ती इतकी मुबलक आहे की गेली तरच तिची ओळख पटते.

शेवटच्या लाँचची वेळ झाली. बाईंनी हिच्या हातात दोन काकड्या कोंबल्या, पैसे घेतले नाहीत. "दिवालीला बत्तीचा कंदील लावतो आता," एवढे मात्र अभिमानाने सांगितले.

लाँच निघाली तेव्हा कुलाब्याच्या बाजूला दिवे लागू लागले होते. नेमका तो क्षण, ज्या क्षणी भिऱ्याचे चक्र फिरायला लागत असेल, खोपोलीच्या नदीत पाणी सुटत असेल, आणि मुळशीचा तलाव कुणाच्या नकळत बोटभर खाली उतरत असेल. लाँचमधली सगळी माणसे मोबाइल उंच करून त्या दिव्यांची छायाचित्रे घेत होती. ही मागे वळून बेटाकडे पाहत होती. तिकडे झाडीत आठ-दहा दिवे लागले होते.

वाचकहो, विजेचे बिल आपल्या घरी दर महिन्याला येते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे त्यात किती तरी रकाने असतात आणि आपण प्रत्येकाबद्दल कुरकुर करतो. मुळशीचा रकाना त्यात नाही. तो असावा असे मी म्हणत नाही; त्याची किंमत युनिटात कशी काढणार? पण यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बटण दाबून दिव्यांची माळ लावाल, तेव्हा घरातल्या मुलांना एवढे सांगून ठेवा, की ही तार भिंतीत संपत नाही. ती घाट चढून जाते, एका तलावाशी थांबते, आणि त्या तलावाखाली कोणाची तरी भातखाचरे आहेत. मुले प्रश्न विचारतील. विचारू द्या. पुढचे धरण बांधायची वेळ येईल तेव्हा सही करणारे हात त्यांचेच असणार आहेत.